पाणी बदला, टाकी धुऊ नका

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात दोन फुटी काचेची टाकी येते, त्याच संध्याकाळी तिच्यात मासे सोडले जातात आणि पहिला आठवडा घरातल्या सर्वांच्या कौतुकात निघून जातो. दुसऱ्या आठवड्यात एखादा मासा पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो. तिसरा आठवडा संपेपर्यंत दोन-तीन मासे दगावलेले असतात. दुकानदार 'मासा नाजूक होता' असे सांगून दुसरे देतो. काही दिवसांनी तेही जातात. शहरी घरांमध्ये हौसेने आणलेल्या मत्स्यटाक्यांची ही कहाणी इतकी परिचयाची झाली आहे की, सुरुवातीला काही मासे मरायचेच, असा समज रूढ होऊन बसला आहे. त्या समजाला आधार नाही. या माशांना बहुधा कोणताही रोग झालेला नसतो. स्वतःच्याच उत्सर्जनाने विषारी झालेल्या पाण्यात ते गुदमरलेले असतात आणि ते पाणी वेळच्या वेळी, पुरेशा प्रमाणात बदलले गेले असते, तर त्यांतील बहुतेक वाचले असते.

परंतु पाणी बदलण्याबाबत नवख्या हौशी माणसाच्या कानावर दोन परस्परविरोधी सल्ले पडतात. पहिला असा, की महिनाभर पाण्याला हात लावू नका, 'पाणी तयार होऊ द्या'. दुसरा असा, की दर रविवारी टाकी रिकामी करून, खडे घासून-पुसून, सारे काही लख्ख करून पुन्हा भरा. पहिल्या सल्ल्याने मासे विषबाधेने मरतात. दुसऱ्याने विषाचा बंदोबस्त करणारी यंत्रणाच दर आठवड्याला गटारात जाते. या दोहोंच्या मधला मार्ग अवघड नाही. मात्र तो का योग्य आहे हे कळण्यासाठी काचेआड पहिल्या महिना-दीड महिन्यात काय घडते, ते समजून घ्यावे लागते.

न दिसणारे विष

मासा खातो त्या खाद्यात प्रथिने भरपूर असतात. त्यांतील नायट्रोजनचा जो भाग शरीराच्या वाढीला लागत नाही, तो मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो. विष्ठा आणि तळाशी कुजणारे उरलेले खाणे यांतूनही अमोनियाच तयार होतो. नदीत किंवा तळ्यात तो क्षणार्धात विरून जातो. पन्नास लिटरच्या काचपेटीत त्याला जायला जागा नसते.

निसर्गात या अमोनियावर जगणारे जिवाणू आहेत. एक गट अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेटमध्ये. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही माशांना घातक. नायट्रेट मात्र बऱ्याच प्रमाणात साठेपर्यंत निरुपद्रवी म्हणावे असे. हे काम करणारे जिवाणू सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० मध्ये झुरिक येथे वेगळे करून दाखवले. नायट्राइटचा फडशा पाडण्याचे श्रेय दीर्घकाळ नायट्रोबॅक्टर या जिवाणूला दिले जात होते. गोड्या पाण्याच्या मत्स्यटाक्यांमध्ये ते काम प्रत्यक्षात नायट्रोस्पायरा या गटातील जिवाणू करतात, हे टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले. २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा संपूर्ण प्रवास एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायराही सापडले. दुकानातील काही माहितीपत्रके अजून जुन्याच नावावर अडून आहेत, ही गोष्ट वेगळी.

नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. ते हवेतून, पाण्यातून, वनस्पतींवरून थोडेथोडे येतात आणि अत्यंत सावकाश वाढतात. आतड्यातील एखादा सामान्य जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. या मंडळींना अनुकूल परिस्थितीतही अर्धा ते एक दिवस लागतो, घरगुती टाकीत बहुधा त्याहून अधिक. म्हणूनच त्यांची पुरेशी वस्ती तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. यालाच हौशी मंडळी टाकी 'सायकल' होणे म्हणतात. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात अमोनिया चढतो. त्यावर जगणारे जिवाणू वाढले की तो उतरू लागतो आणि नायट्राइट वर जातो. शेवटी तोही शून्यावर येतो व नायट्रेट दिसू लागते.

खरे तर मासे आणण्यापूर्वीच, बाहेरून मोजून अमोनिया घालून ही वस्ती तयार करणे सर्वांत उत्तम. ज्यांनी टाकी अद्याप घेतलेली नाही, त्यांनी तोच मार्ग धरावा. पण ज्या घरांत मासे आधीच येऊन पोहोचले आहेत, आणि अशीच घरे अधिक, त्यांना आता जिवाणू वाढेपर्यंत माशांना जगवायचे आहे. ते काम बादली आणि नळी यांनीच होते.

पाणी बदलल्याने जिवाणू जातात काय?

'पाण्याला हात लावू नका' या सल्ल्यामागे एक तर्क असतो. पाणी काढले की जिवाणू निघून जातील आणि अमोनिया कमी झाला की उरलेले उपाशी मरतील, असे मानले जाते. दोन्ही गोष्टी वस्तुस्थितीला धरून नाहीत. नायट्रीकरण करणारे जिवाणू पाण्यात तरंगत राहण्यापेक्षा पृष्ठभागाला चिकटून राहणे पसंत करतात. फिल्टरमधील स्पंज, तळाचे खडे, काच, वनस्पतींची पाने यांवर त्यांचा पातळ, बुळबुळीत थर बसतो. वाहत्या पाण्यात तरंगणारे जिवाणू अगदी थोडे. त्यामुळे अर्धे पाणी काढले तरी वस्ती जवळपास जागच्या जागी राहते.

उपासमारीची भीतीही अनाठायी आहे. मासे टाकीत असेपर्यंत अमोनिया अखंड तयार होत असतो. जिवाणूंना रोज किती अन्न मिळते हे माशांच्या खाण्यावर ठरते; पाण्यात किती अमोनिया साठून राहिला आहे, त्यावर नव्हे. कमी प्रमाणातील अमोनियावरही ते वाढतात. उलट मुक्त अमोनिया फार चढला तर नायट्राइट खाणाऱ्या गटाची वाढ खुंटते. म्हणजे पाणी न बदलता 'टाकी लवकर तयार करणे' हा उपाय माशांना तर मारतोच, पण ज्या कामासाठी तो केला जातो त्या कामातही अडथळा आणू शकतो.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करायला हवा. बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी वरून भरणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे. बाष्पीभवनाने केवळ पाणी जाते, त्यात विरघळलेले सर्व काही मागेच राहते.

अर्ध्या बादलीचा हिशेब

किती पाणी बदलावे, याचे उत्तर बहुतेक ठिकाणी 'आठवड्यातून वीस-पंचवीस टक्के' असे मिळते. स्थिरावलेल्या टाकीसाठी ते ठीक आहे. नव्या टाकीसाठी ते किती अपुरे आहे, हे शाळेतल्या अंकगणिताने पडताळून पाहता येते.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावते. खडे आणि वरची मोकळी जागा वजा जाता ५० लिटर धरायला हरकत नाही. मत्स्यशेतीत वापरल्या जाणाऱ्या ठोकताळ्यानुसार, सुमारे ४० टक्के प्रथिने असलेल्या एक ग्रॅम खाद्यामागे साधारण ३५ ते ४० मिलिग्रॅम अमोनिया पाण्यात येतो. पाच-सहा गप्पी माशांना दिवसाला पाव ग्रॅम खाद्य दिले, तर त्या टाकीतील अमोनिया रोज लिटरमागे सुमारे ०.२ मिलिग्रॅमने वाढणार. (टेस्ट किटच्या रंगपत्रिकेवर हेच एकक 'पीपीएम' म्हणून छापलेले असते.)

आता जिवाणूंचा हातभार सुरुवातीला शून्य आहे असे समजू. पाणी अजिबात बदलले नाही, तर दहाव्या दिवशी आकडा २ मिलिग्रॅमवर जाईल. आठवड्यातून एकदा २० टक्के पाणी बदलले, तर पहिल्या आठवड्याअखेर १.४ असलेला आकडा बदलानंतर १.१ होईल, आणि दुसऱ्या आठवड्याअखेर अडीचवर पोहोचेल. म्हणजे श्रम करूनही हाती फारसे काही लागले नाही. याउलट रोज २५ टक्के पाणी बदलल्यास आकडा ०.८ च्या वर जात नाही. रोज निम्मे बदलल्यास तो ०.४ वर थांबतो. यामागील सूत्र सोपे आहे. रोजची भर भागिले रोज बदलल्या जाणाऱ्या पाण्याचा अंश, एवढ्यावर कमाल पातळी स्थिरावते: ०.२ भागिले पाव म्हणजे ०.८ आणि ०.२ भागिले अर्धा म्हणजे ०.४.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली, लहान बदल वारंवार करणे आणि मोठा बदल क्वचित करणे यांत परिणामाचा मोठा फरक पडतो. दुसरी अधिक महत्त्वाची: भागाकारातील वरचा आकडा, म्हणजे रोजची भर, आपल्याच हातात असते. खाद्य निम्मे केले की पाणी दुप्पट बदलल्याइतकाच लाभ होतो. पहिल्या महिन्यात दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे पुरे. एक दिवसाआड दिले तरी निरोगी मासे काही उपाशी मरत नाहीत. माशाला भूक लागली असेल या कळवळ्यापोटी घरातील प्रत्येक जण येता-जाता चिमूट टाकत असेल, तर त्या घरातील टाकीला कितीही पाणी बदलले तरी पुरायचे नाही.

माशांची निवड करतानाही हाच हिशेब कामी येतो. फेंगशुईच्या पुस्तकांनी आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश घराघरांत पोहोचवले. गोल्डफिश खाबू आणि त्याचे उत्सर्जनही त्याच मापाचे. अशा नऊ लहान माशांना दिवसाला दीड ग्रॅम खाद्य घातले, तर ५० लिटरच्या टाकीत रोज लिटरमागे सुमारे १ मिलिग्रॅम अमोनियाची भर पडते. रोज निम्मे पाणी बदलूनही पातळी २ मिलिग्रॅमपर्यंत चढणारच. येथे बादलीचा उपाय हरतो. असे मासे दुकानात परत करणे किंवा मोठी, स्थिरावलेली टाकी असलेल्या परिचिताकडे देणे, हेच त्यांच्या हिताचे. हिवताप निर्मूलनासाठी पालिका ज्या गप्पी माशांना डासांच्या अळ्या खायला हौदात सोडतात, ते गप्पी किंवा आपल्याकडच्या नद्यांतील झेब्रा डॅनिओ यांसारखे लहान व काटक मासे, तेही चार-सहाच, सुरुवातीला बरे. काटक म्हणजे विष पचवणारे नव्हे, एवढे मात्र ध्यानात असावे. त्यांच्या कल्ल्यांनाही अमोनिया भाजतोच. ते केवळ उशिरा तक्रार करतात.

एकच आकडा, दोन अर्थ

टेस्ट किट पाण्यातील एकूण अमोनिया दाखवते. त्यातील सगळाच विषारी नसतो. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यांतील अमोनियम हे रूप तुलनेने सौम्य. घातक असतो तो मुक्त अमोनिया. त्याचे प्रमाण पाण्याचा पीएच आणि तापमान यांवर अवलंबून राहते. मुंबई-ठाण्याच्या हवेत टाकीचे पाणी सहज २८ अंश सेल्सिअस असते. या तापमानाला पीएच ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी मुक्त अमोनिया शेकडा एकाहूनही कमी भरतो. पीएच ८ झाला की तो साडेसहा टक्क्यांच्या घरात जातो आणि साडेआठला अठरा टक्क्यांपर्यंत. एकाच 'अर्धा मिलिग्रॅम' या आकड्याचा अर्थ म्हणूनच दोन घरांत वेगळा होतो.

दीर्घकाळ सुसह्य मानली जाणारी मुक्त अमोनियाची मर्यादा लिटरमागे ०.०२ मिलिग्रॅमच्या आसपास सांगितली जाते. या मापाने पाहिल्यास पीएच ७ च्या आसपास असलेल्या पाण्यात एकूण अमोनिया अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत ठेवणे पुरेसे सुरक्षित. पीएच ८ च्या आसपास असेल, तर पाव मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये. महापालिकेच्या पाण्याचा पीएच भारतीय मानकानुसार साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान असावा लागतो. ही कक्षा पुरेशी रुंद असल्याने आपल्या नळाचा आकडा एकदा स्वतः मोजून घेणे श्रेयस्कर.

याचा व्यावहारिक अर्थ एवढाच, की पहिल्या महिन्यात पाणी वारानुसार बदलायचे नाही, मोजमापानुसार बदलायचे. थेंबांचे किट कागदी पट्ट्यांपेक्षा विश्वासार्ह ठरते. शिवाय अनेक पट्ट्यांत अमोनियाची चाचणीच नसते. रोज एका ठरावीक वेळी अमोनिया आणि, दुसऱ्या आठवड्यापासून, नायट्राइटही तपासावा. मर्यादेच्या आत असेल तर स्वस्थ बसावे, ओलांडली असेल तर त्याच दिवशी निम्मे पाणी बदलावे. आकडा २ मिलिग्रॅमवर गेलेला आढळला, तर काही तासांच्या अंतराने दोनदा निम्मे बदलल्यास तो अर्ध्या मिलिग्रॅमवर येतो. नव्या टाकीतील पाणी आणि नळाचे पाणी यांत फारसा फरक पडलेला नसतो, त्यामुळे एवढा मोठा बदल माशांना सहसा बाधत नाही.

अपवाद आहे तो महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टाकीचा. जिवाणू आपले काम करताना पाण्यातील क्षारता खर्च करतात. मुंबई-पुण्याला धरणांतून येणाऱ्या मृदू पाण्यात ती मुळातच बेताची असल्याने पीएच हळूहळू घसरतो आणि सहाच्या खाली गेला की जिवाणूंचेही काम मंदावते. अशा आम्ल पाण्यात साठलेला अमोनिया सौम्य रूपात असतो. त्यात एकदम नळाचे पाणी ओतले की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी रूप धारण करतो. 'पाणी बदलले आणि मासे मेले' अशी जी उदाहरणे सांगितली जातात, त्यांपैकी अनेकांचे मूळ येथे असावे. अशा टाकीत दहा-पंधरा टक्क्यांपासून सुरुवात करून काही दिवसांत प्रमाण वाढवत न्यावे.

नायट्राइटची पाळी

अमोनिया उतरला की घरात आनंदीआनंद होतो आणि पाणी बदलणे थांबते. नेमक्या याच सुमारास नायट्राइट चढू लागतो. रासायनिक हिशेबाने एक मिलिग्रॅम अमोनियापासून सुमारे २.७ मिलिग्रॅम नायट्राइट तयार होतो, त्यामुळे किटवर आकडे अधिक भयावह दिसतात. वरच्याच उदाहरणातील टाकीत रोज अर्ध्याहून अधिक मिलिग्रॅम नायट्राइटची भर पडते आणि रोज निम्मे पाणी बदलले तरी कमाल पातळी एकाच्या वर राहते. नायट्राइट कल्ल्यांवाटे रक्तात शिरतो आणि हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेतो. रक्त तपकिरी पडते. पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही मासा गुदमरतो. एअरपंप वाढवून फरक पडत नसेल, तर संशय नायट्राइटवर घ्यावा.

येथे स्वयंपाकघरातील मीठ मदतीला येते. मिठातील क्लोराइड आणि नायट्राइट कल्ल्यांच्या एकाच दरवाजातून आत शिरतात. क्लोराइडची गर्दी असली की नायट्राइटला वाट मिळत नाही. पन्नास लिटर पाण्याला सपाट भरलेला एक चहाचा चमचा, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम साधे मीठ पुरते. ते भांडभर पाण्यात विरघळवून घालावे. निम्मे पाणी काढले असेल, तर नव्या पाण्याबरोबर अर्धा चमचा पुन्हा घालावे; केवळ आटलेले पाणी भरताना मात्र घालू नये, कारण मीठ उडून जात नाही. मीठ हे संरक्षण आहे, पाणी बदलण्याला पर्याय नव्हे. अमोनियावर तर त्याचा काहीच उपयोग नाही.

रविवारची धुलाई

दुसऱ्या सल्ल्याकडे आता वळायला हवे. पाणी बदलणे आणि टाकी धुणे या दोन सर्वस्वी भिन्न क्रिया आहेत, परंतु आपल्याकडे त्या एकच समजल्या जातात. नव्या टाकीचे पाणी पहिल्या आठवड्यात अनेकदा दुधाळ होते. हा वेगळ्याच जिवाणूंचा तात्पुरता बहर असतो व तो आपोआप ओसरतो. पण ते गढूळपण पाहून मासे बादलीत काढले जातात, खडे साबणाच्या पाण्यात घोळून उन्हात वाळवले जातात, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पांढराशुभ्र केला जातो. ज्या बुळबुळीत थरासाठी महिनाभर वाट पाहायची, तोच असा धुऊन जातो. टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते आणि मासे मात्र थकलेलेच असतात.

फिल्टरमधून पाणी वाहते आहे तोवर पहिल्या महिन्यात स्पंजला हात न लावणे उत्तम. तो तुंबलाच, तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा. नळाखाली कदापि नाही, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणूंना मारण्यासाठीच असते. साबण टाकीच्या आसपासही नको. फिल्टर रात्री बंद ठेवण्याची काटकसरही महागात पडते. जिवाणूंना प्राणवायू लागतो आणि बंद फिल्टरमध्ये काही तासांतच त्याची टंचाई होते. वीज वारंवार जाणाऱ्या भागात बॅटरीवर चालणारा एअरपंप घेऊन ठेवावा.

कोणाची जुनी, निरोगी माशांची टाकी ओळखीत असेल, तर तिच्या फिल्टरमधील मळलेल्या स्पंजचा तुकडा मागून आणणे हा या सगळ्यातला सर्वांत मोठा शॉर्टकट. ओल्या पिशवीत, वाळू न देता आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवल्यास आठवड्यांचे काम दिवसांवर येऊ शकते. बाटलीत मिळणाऱ्या तयार जिवाणूंचा गुण मात्र बाटलीगणिक बदलतो. त्यांच्या भरवशावर चाचणी सोडू नये.

नळ, टँकर आणि गच्चीवरची टाकी

बदलायचे पाणी कोठून येते, यालाही महत्त्व आहे. पिण्याच्या पाण्यात नळापर्यंत पोहोचेतो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावे, अशी भारतीय मानकाची अपेक्षा असते. पावसाळ्यात ते वाढवलेलेही असू शकते. माणसाला हितकारक ठरणारा हा अंश माशांच्या कल्ल्यांना जाचतो. मोकळ्या तोंडाच्या बादलीत पाणी चोवीस तास ठेवल्यास साधे क्लोरीन उडून जाते. घाई असेल, तर मत्स्यसाहित्याच्या दुकानात 'हायपो' या नावाने मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे कामी येतात. वीस लिटरच्या बादलीला दोन-तीन बारीक खडे विरघळवले की काही मिनिटांत क्लोरीन निष्प्रभ होते. हायपोने अमोनिया मात्र जात नाही.

बोअरवेलच्या पाण्यात क्लोरीनचा प्रश्न नसतो, पण ते कठीण असते आणि काही भागांत त्यात आधीच नायट्रेट असते. टँकरचे पाणी आज एका विहिरीचे, उद्या दुसऱ्या. सोसायटीला टँकर येत असेल, तर प्रत्येक वेळी पीएच पाहिल्याशिवाय निम्मे पाणी बदलण्याचे धाडस करू नये. तापमान हा आणखी एक दुर्लक्षित मुद्दा. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणारे पाणी हाताला चटका देते, तर पुण्या-नाशिकच्या जानेवारीत पहाटे तेच बर्फासारखे असते. भरून ठेवलेली बादली रात्रभर टाकीशेजारी ठेवली की दोन्ही तापमाने आपोआप जुळतात आणि क्लोरीनही उडते. पाणी ठरावीक वेळीच येणाऱ्या शहरांत ही सवय तशीही घराघरांत आहेच.

रोज पंचवीस लिटर पाणी ओतून देणे टंचाईच्या दिवसांत मनाला खटकते, हे खरे. परंतु काढलेले पाणी वाया घालवण्याचे कारण नाही. त्यात नायट्रोजन असल्याने कुंड्यांना ते खतपाण्यासारखे मानवते; मीठ घातलेले पाणी तेवढे झाडांना न घालता फरशी पुसायला किंवा शौचालयात वापरावे.

अमोनिया आणि नायट्राइट हे दोन्ही आकडे, पाणी न बदलता, सलग आठवडाभर शून्य राहिले आणि नायट्रेट वाढताना दिसले, की टाकी स्थिरावली असे समजायला हरकत नाही. मग आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलणे पुरते. नवे मासे आणायचे झाल्यास एका वेळी दोन-तीनच आणावेत आणि पुढचा आठवडाभर पुन्हा किट हाताशी ठेवावे, कारण जिवाणूंची संख्या आधीच्या माशांपुरतीच वाढलेली असते. त्याआधीच गणपतीला किंवा दिवाळीला चार-पाच दिवस गावी जाण्याची वेळ आली, तर निघण्याच्या दिवशी निम्मे पाणी बदलावे, फिल्टर चालू ठेवावा आणि खाद्याचा डबा शेजाऱ्यांकडे न देता कपाटात ठेवून कुलूप लावावे.